गाभा पाहून घ्यावे

सांगलीच्या बाजारात चाळीस वर्षे हळदीची अडत चालवलेल्या माणसाला वरच्या रंगाचे अप्रूप उरत नाही. पॉलिश केलेले राजापुरी हळकुंड सोन्यासारखे झळकते. पण जाणता खरेदीदार ते हातात घेऊन आधी मोडतो. मोडताना येणारा टणक आवाज आणि आतल्या गाभ्याचा रंग, यांवरून तो मालाची पारख करतो. घरात सारे ज्यांना अण्णा म्हणत, त्या गृहस्थांनी मुलांना व्यवहाराचा हा एकच धडा दिला होता. धाकटी मुलगी तो एका जुन्या जिप्सीसाठी वापरील, असे मात्र त्यांना कधी वाटले नव्हते.

मुलगी पुण्यात नोकरीला होती. २०२३ च्या दिवाळीत ती घरी आली आणि फराळाच्या ताटावरच तिने आपला बेत सांगितला. चार वर्षांची बचत तिच्याजवळ होती. आईने मनातल्या मनात त्या पैशांच्या पाटल्या केव्हाच घडवून ठेवल्या होत्या. "गाडीच हवी तर नवी घे, बंद काचांची घे. लोक जुनं मोडीत काढतात, आणि तू ते विकत आणणार?" आईने विचारले. अण्णा काही बोलले नाहीत. आणि त्यांचे न बोलणे आईच्या बोलण्याहून जड होते.

मुलीने आपली बाजू शांतपणे मांडली. सुट्टीच्या दिवशी ती सह्याद्रीत हिंडत असे. डांबरी रस्ता संपल्यावर वाड्यावस्त्यांकडे जाणाऱ्या वाटांवर साध्या मोटारीचे पोट दगडांना घासते. १९८५ मध्ये बाजारात आलेली आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद झालेली मारुती जिप्सी वजनाने हलकी, सांगाड्याने भक्कम आणि रचनेने इतकी साधी, की तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकतो. शेवटी ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही पाहायला चला. तुम्ही नको म्हणालात, तर मी घेणार नाही." या वाक्यानंतर अण्णांना घरी बसून राहणे शक्य नव्हते.

पहिली गाडी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडे होती. ताजा हिरवा रंग, रुंद टायर, छतावर दिव्यांची रांग. मुलीचे डोळे चमकले. अण्णांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि धोतराची पर्वा न करता ते गाडीखाली वाकले. चॅसिसला नुकताच काळा लेप दिलेला होता. त्यांनी खिशातल्या किल्लीने जागोजागी ठोकून पाहिले. मागच्या पाट्यांच्या आधाराजवळ आवाज बद्द आला आणि लेपासह गंजाचा पापुद्रा हातात आला. गाडी परराज्यातली होती आणि तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत पत्र "येईलच" असे सांगितले जात होते. अण्णा उठले, हात झटकले आणि एवढेच म्हणाले, "हे नुसतं पॉलिश."

दुसरी गाडी इचलकरंजीच्या एका ठेकेदाराची, २०११ सालची. पांढरा रंग विटलेला, कापडी हूड फाटलेले, दारावर पोचे. पण सांगाडा ठोकल्यावर सगळीकडे खणखणीत वाजला. चॅसिसवर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला. मातीच्या मैदानावर मुलीने चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकून पाहिला. मग सर्वांत संथ गतीत उतारावरून गाडी सोडली. दांडा जागचा सुटला नाही. ही परीक्षा मातीवरच का घ्यायची, हेही तिने अण्णांना समजावले. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांहून अधिक अंतर कापतात. या गाडीत पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडले जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर तो ताण यंत्रातच साठतो. मातीवर चाके थोडी घसरतात आणि ताण निघून जातो.

दोष या गाडीतही होतेच. पुढच्या चाकांच्या सांध्यातून तेल पाझरत होते, सुकाणू थरथरत होते, ब्रेक ढिले होते. पण ते सारे उघड दिसत होते. शिवाय पंधरा वर्षांच्या नोंदणीची मुदत २०२६ मध्ये संपणार होती. पुढे तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च ठरलेला. अण्णांनी एकेक दोष न रागावता मोजून दाखवला आणि सौदा साडेतीन लाखांवर तुटला. परतताना त्यांनी बजावले, "सगळी पुंजी खरेदीत घालू नये. माल घरी आल्यावरच त्याचा खरा खर्च कळतो."

तो खर्च लवकरच दारात उभा राहिला. मित्रांनी मुलीला भलीमोठी यादी दिली होती: गाडी चार इंच उचलणे, मोठे टायर, पुढे पोलादी कठडा, विंच, दिवे. अण्णांनी दुकानातली कोरी वही आणली आणि रकमेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला. त्यावर लिहिले, 'कशासाठी?'

त्या एका शब्दाने यादी निम्म्यावर आली. पाटे उंच केले की गाडीचे धड वर जाते, पण आसाच्या मध्यावर लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो आणि दगडाला पहिल्यांदा लागतो तोच. उलट गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. मोठ्या टायरांनी तो गोळा उंचावतो खरा. पण इंजिन, ब्रेक आणि सुकाणू यांच्यावर भार येतो आणि वेगदर्शक खोटे बोलू लागतो. त्यातच कायद्याचाही प्रश्न होता. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पोलादी कठड्यांविरुद्ध केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवले होते. अशा कठड्याची धडक पादचाऱ्यालाही घातक आणि आतल्या माणसांनाही.

म्हणून पहिला पैसा न दिसणाऱ्या ठिकाणी गेला. ब्रेक नवे झाले. चाकांच्या सांध्यातील बेअरिंगे आणि सिले बदलली. रेडिएटर साफ झाला, चिरलेल्या रबरी नळ्या गेल्या, गंज खरवडून सांगाड्याला रंग लागला. टायर मूळ मापाचेच, फक्त खोल नक्षीचे आले. अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी पुढे-मागे थेट चॅसिसला बोल्टने कसलेले आकडे आणि एक मजबूत पट्टा. हवा मोजायचे मापक आणि छोटा पंप. कारण सैल मातीत हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरून पकड धरतो, आणि डांबरावर येण्याआधी ती पुन्हा भरावी लागते.

सर्वांत स्वस्त वस्तू होती एक रबरी नळी. चालून तापलेला आस थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि श्वासछिद्रातून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, दाते झिजतात. ते छिद्र नळीने उंचावर नेले की बाधा टळते. अण्णांनी ही नोंद करताना मान हलवली. सबंध वहीत त्यांना सर्वांत पटलेला खर्च तोच होता.

पुढच्या सप्टेंबरात अण्णा प्रथमच तिच्यासोबत निघाले. आंब्याच्या बाजूला, जंगलखात्याची हद्द टाळून जाणाऱ्या एका गाडीवाटेने पलीकडचा सडा गाठायचा होता. तिथली फुले अण्णांना दाखवायची, हे मुलीने वर्षभर मनाशी धरले होते. चढावर गाडी माणसाच्या चालीने, न घसरता चढली. अण्णांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता, पण ते एकदाही "सावकाश" म्हणाले नाहीत.

सड्याच्या अलीकडे ओढा आडवा आला. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. पाणी गढूळ आणि जोरात होते. पुढची एक गाडी पाण्याचे फवारे उडवीत पार झाली आणि तिच्या चालकाने हात करून यांनाही बोलावले. मुलगी खाली उतरली. हातात काठी घेऊन काठाकाठाने पाण्यात शिरली. दोन पावलांत पाणी गुडघ्याच्या वर आले आणि तळाचे धोंडे पायाखाली सरकू लागले. ती परत आली, ओले पाय पुसले आणि म्हणाली, "अण्णा, फिरू या."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी विचारले, "ती गाडी तर गेली की."

"गेली. पण तळ न पाहता गेली. इंजिनात पाणी शिरलं असतं, तर ते हवेसारखं दाबलं जात नाही; आतला दांडाच वाकतो. आणि पाण्याने गाडी ढकलली असती, तर तुम्ही होता सोबत."

अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. वर्षभरापूर्वी फराळाच्या ताटावर त्यांनी जे गिळले होते, ते 'नको' त्या क्षणी विरघळले. त्यांची लेक धाडस करायला निघाली आहे, याची त्यांना धास्ती होती. ती माघार घेण्याची तयारी ठेवून निघाली आहे, हे त्यांना आज दिसले.

ऑक्टोबरच्या आरंभी ओढा उतरला, तेव्हा तिघे गेली. मुलीने गाडी सड्याच्या कडेलाच थांबवली. जांभ्या कातळावर बोटभर मातीचा थर, त्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुले. पलीकडे कोणाच्या तरी चाकांच्या दोन चाकोऱ्या सरळ फुलांतून गेल्या होत्या. त्यांतली माती धुऊन जाऊन खाली नुसता दगड उघडा पडला होता. आई तिथे क्षणभर थांबली आणि म्हणाली, "इथून पुढे पायीच बरं."

येताना उंच गाडीत चढताना आईला दोनदा हात द्यावा लागला होता. त्या रात्री अण्णांनी वही काढून शेवटची नोंद स्वतःच केली: 'डाव्या दाराखाली पायरी.' 'कशासाठी?' या रकान्यात त्यांनी लिहिले, 'पुढच्या वेळी हिलाही यायचे आहे.'