संस्कृत की जर्मन?

२०२४ साली दहावीचा निकाल लागला आणि नातीचा पुण्याहून फोन आला. "आबा, अकरावीला दुसरी भाषा कोणती घेऊ? संस्कृत की जर्मन? मैत्रिणी जर्मन घेताहेत. आई म्हणाली, तुम्हाला विचार."

आता असा प्रश्न मला विचारायचा म्हणजे हलवायाला विचारण्यासारखं, की पेढा चांगला की चिवडा! मी चिखलीचा. ३२ वर्षं हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवलं. बी.ए. झालो तेव्हा आमचा बुलढाणा जिल्हा नागपूर विद्यापीठात होता. अमरावतीचं विद्यापीठ १९८३ साली झालं. आमच्या वेळी जर्मन भाषा असा काही पर्यायच समोर नव्हता. 'जर्मन' म्हटलं की डोळ्यांसमोर यायचा तो दूध तापवायचा जर्मनचा गंज. त्या ॲल्युमिनियमला जर्मन का म्हणतात हेही कधी कुणाला विचारलं नाही.

युरोपातल्या शाळांत मुलांपुढे लॅटिन घ्यावी की जर्मन असा पेच येतो. एक जुनी, कुणाच्या घरात न बोलली जाणारी. दुसरी आजची, चालती-बोलती. आपल्याकडे लॅटिनच्या जागी संस्कृत येते, एवढाच फरक. पेच तोच.

मी अर्थातच संस्कृतच्या बाजूने अर्धा तास बोललो. शब्दसंपत्ती, पाठांतर, उच्चार, संस्कार... सगळं काढलं. फोन ठेवला तेव्हा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून उगाच पोरीले घोर लावता? तिले जे शिकायचं ते शिकू द्या ना."

रात्री झोप येईना. मी जे नातीला सांगितलं, ते मी वर्गात कधी सांगितलं होतं का? खरं सांगतो, नाही. आठवीच्या वर्गात पोरं गोळा करताना माझं एकच वाक्य असे, "संस्कृत घ्या, गणितासारखे पैकीच्या पैकी मार्क मिळतात." एकदा एका मुलाने विचारलं होतं, "सर, मार्क मिळाल्यावर पुढे काय?" मी त्याला खाली बसवलं. दहावीचा पेपर झाला की त्यांतली बहुतेक मुलं पुस्तक मिटत ती कायमचीच. म्हणजे मी जन्मभर संस्कृत विकली ती फायद्याच्याच बोलीवर. मग नात नोकरीच्या फायद्यासाठी जर्मन घेत असेल, तर तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार?

आणि त्याहून खोल एक गोष्ट होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला होता. तिकडे माणसं कमी पडतात म्हणून इथून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी कुशल माणसं पाठवायची, त्यांना जर्मन शिकवायची. ती बातमी मी दोनदा वाचली होती. मुलाला इंग्रजी पक्कं कर म्हणून मीच मागे लागलो होतो. तो पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. आता दिवाळीला चार दिवस येतो. इंग्रजीने मुलगा पुण्याला नेला, जर्मन नातीला आणखी कुठे नेईल? संस्कृत कुणाला लांब नेत नाही. शिकलेला माणूस फार तर माझ्यासारखा चिखलीत मास्तर होतो!

म्हणजे बघा, मी अर्धा तास भाषेची बाजू मांडत होतो आणि पोटात दुसरंच दुखत होतं.

सकाळी फोन करून सांगितलं, "जर्मन घे. पण एका अटीवर. जे शिकशील ते रविवारी मला शिकवायचं." ती हसली. तिला वाटलं, आबा चेष्टा करताहेत.

पण मी वही घातली. लोकमान्यांनी पन्नाशी उलटल्यावर मंडालेच्या तुरुंगात पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. मी तर घरात पंख्याखाली बसलेलो. आणि जसजसं शिकत गेलो तसतशी गंमत वाटू लागली. जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन म्हणतात. हा जर्मन पंडित संस्कृतचा. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारा, आणि भारतात एकदाही न आलेला. १८९८ साली टिळकांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर त्याची सही होती. म्हणजे मी ज्या दोन भाषांची कुस्ती लावत होतो, त्यांची सोयरीक आधीच झालेली!

नात एकदा वैतागून म्हणाली, "आबा, जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. याला काही अर्थ आहे? आणि मुलगी, 'मेडशेन', ती चक्क नपुंसकलिंगी!"

मी म्हटलं, "आपण 'ते पोरगं' म्हणतो तेव्हा काय करतो? आणि संस्कृतमध्ये बायकोला तीन शब्द आहेत. दार पुल्लिंगी, भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी. बायको एकच!" ही आतून ओरडली, "काय चाललंय तुमचं?"

इंग्रजीत सगळ्याला एकच 'द'. मराठी माणसाला तो, ती, ते यांची जन्मापासून सवय. जर्मनचे डेअर, डी, डास पाठ करावे लागतात हे खरं, पण तीन लिंगं असू शकतात हे आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. विभक्ती लॅटिनमध्ये सहा, जर्मनमध्ये चारच. आठ विभक्त्या पाठ केलेल्या माणसाला चारांचं काय भय? हातमोज्याला ते 'हांडशू' म्हणतात, हाताचा बूट. आपण हाताचा मोजा म्हणतो. समास तोच, फक्त पायातली वस्तू बदलली. मुलीला 'टोख्टर', आपली दुहिता. लॅटिनमध्ये मुलीला 'फिलिया' म्हणतात, म्हणजे तिथे मात्र लॅटिनपेक्षा जर्मनच संस्कृतच्या जवळची.

हे सगळं मला वर्गात उभा असताना ठाऊक असतं, तर त्या मुलाला मी खाली बसवलं नसतं. मार्कांच्या पुढे काय, तर हे. एक भाषा नीट शिकलास की दुसरीच्या दारात तू परका राहत नाहीस. ३२ वर्षांत हे एकदाही सांगता आलं नाही, याचं वाईट वाटतं.

कुणी मला आज विचारलं की जुनी भाषा घ्यावी की आजची, तर मी विचारतो, घेतल्यावर परीक्षेनंतर पुस्तक उघडशील का? जिचं उघडशील ती घे.

त्या दिवाळीत नात आली तेव्हा ओसरीवर बसून माझी वही तपासत होती. लाल पेनाने! शिक्षकाची वही तपासली जाण्याचं सुख वेगळंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिने तोंडी परीक्षाही घेतली. झाड, नदी, टेबल... निम्मी लिंगं चुकली.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "घर?"

"डास हाउस," मी म्हटलं. "नपुंसकलिंग."

"हे कसं बरोबर आलं?"

मी म्हटलं, "ते घर. संस्कृतमध्ये गृहम्. इथे पाठ काय करायचं?"