एका गुंठ्याच्या वाटण्या

ताईचं लग्न मे २०१० मध्ये मिरजेला झालं, मुहूर्त गोरजाचा. त्याच्या महिनाभर आधी, तलाठ्याच्या नोकरीच्या पहिल्या दोन पगारांतून मी कॅमेरा घेतला होता. १४ मेगापिक्सेलचा, शर्टाच्या खिशात मावणारा. दुकानदाराने काउंटरवर तीन मांडले होते, १०, १२ आणि १४. म्हणाला, "घ्यायचाच तर मोठा घ्या, सारखं सारखं घेणं होत नाही." फ्रिज घेताना लिटर बघतात तसा मी आकडा बघितला. कॅमेऱ्यावरचं सोनेरी स्टिकर तर लग्नापर्यंत काढलंही नव्हतं.

दाजींचा धाकटा भाऊ त्याचा निकॉन डी ४० घेऊन आला होता. हे मॉडेल २००६ सालचं. मी विचारलं, "किती मेगापिक्सेल?" तो म्हणाला, "सहा." मी नुसतं "बरं, बरं" म्हटलं. कोणत्या सुरात म्हटलं ते आठवलं की आजही ओशाळायला होतं.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा बाहेरचा उजेड गेला होता आणि हॉलमध्ये निम्म्या ट्यूब लुकलुकत होत्या. फ्लॅश मारला की पांढरा अंतरपाटच चमकायचा, म्हणून मी तो बंद केला. मागच्या रांगेतल्या खुर्चीवर उभा राहिलो, झूम पूर्ण ओढला आणि ताईचा चेहरा धरला. तो पठ्ठ्या भटजींच्या खांद्याआडून गुपचूप फोटो काढत होता.

आठवड्याने आम्ही दोघं सांगलीतल्या लॅबमध्ये गेलो. लॅबवाल्याने दोन्ही फायली शेजारी-शेजारी उघडल्या आणि ताईच्या कपाळावर मोठ्या करत नेल्या. त्याच्या फोटोत मुंडावळ्यांचा मोती न् मोती सुटा दिसत होता. एका मोत्यावर तर ट्यूबची बारीक रेघही होती. माझ्या फोटोत मोत्यांची एक पांढरी दोरी झाली होती. शालूचा जरीकाठ म्हणजे हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळा पट्टा, आणि गालावर हिरवे-जांभळे ठिपके. लॅबवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "आकडा मोठा हाय, पण ह्यात मालच न्हाई."

मी वाद घातला. चौदा आणि सहा, म्हणजे दुपटीहून जास्त! त्याने फायलींची मापं दाखवली. माझी ४३२० बाय ३२४०, दुसरी ३००८ बाय २०००. ठिपके दुपटीहून जास्त, पण आडव्या बाजूला दीडपटसुद्धा नाहीत. आणि चार बाय सहा इंचाचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर १८०० बाय १२०० पुरतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल. अल्बमच्या बारा बाय अठराच्या पानावर सहावाल्याला इंचाला १६७ ठिपके मिळाले. कागदावरच्या हिशेबाने कमीच, पण मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या एकाही आत्याला ते कळलं नाही.

मग खरा घोटाळा कुठे होता? तो मला समजला माझ्याच धंद्याच्या भाषेत. खिशातल्या त्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षा लहान. क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. डी ४०चा २३.७ बाय १५.६, म्हणजे सुमारे ३७० चौरस मिलिमीटर. माझा एक गुंठा, तर त्याचे तेरा गुंठे. त्यात माझ्या एका गुंठ्यावर १ कोटी ४० लाख खातेदार आणि त्याच्या तेरा गुंठ्यांवर फक्त ६० लाख. एकेकाच्या वाट्याला येणारी जागा तिसाला एक. सातबाऱ्यावर नावं वाढली म्हणून जमीन वाढत नाही, हे मी रोज लोकांना सांगायचो, आणि दुकानात स्वतःच नावं मोजून आलो होतो.

त्या जागेवर पडणारा पाऊस म्हणजे प्रकाश. दुपारच्या उन्हात तो धो-धो पडतो, तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचे फोटोही छान यायचे. नरसोबावाडीच्या घाटावरचे अजून आहेत. पण गोरजाला पाऊस भुरभुर. प्रत्येक ठिपक्याला दोन थेंब मिळणार, मग कॅमेरा तो क्षीण संदेश ताणून मोठा करतो, त्याबरोबर कचराही मोठा होतो, आणि मग कचरा पुसण्याच्या नादात मोती पुसतो. वाटण्या कमी केल्या असत्या तरी माझा गुंठा गुंठाच राहिला असता, हेही खरं. लेन्सचाही भाग होताच. त्याची १.८ ची, माझी झूम ओढल्यावर ५.९ ची, तेवढ्या फरकाने सेन्सरवर दहापट कमी उजेड पोचतो.

गंमत म्हणजे आदल्याच वर्षी, २००९ मध्ये, कॅननने जी १० नंतर जी ११ आणला तेव्हा आकडा १४.७ वरून १० वर उतरवला होता. सेन्सर तेवढ्याच मापाचा, खातेदार कमी. कंपनीने आपणहून केलेली ही माघार मला कुठल्याही काउंटरवर कोणी सांगितली नाही. जमिनीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. सेन्सरला कुठला?

पुढे तोच डी ४० मी दाजींच्या भावाकडून विकत घेतला आणि तीन-चार वर्षं त्याच्या प्रेमात सगळ्यांना प्रवचनं दिली. ती भिगवणला बंद पडली. उजनीच्या पाण्यात होडी थांबवून रोहित पक्ष्यांचे फोटो काढले. पक्षी लांब, लेन्स २०० मिलिमीटरची. घरी येऊन एकच पक्षी कापून काढला तर त्याच्या डोळ्याच्या जागी मोजून चार चौकोन. इथे सहा खरोखरच कमी पडले. फोटोतला छोटा तुकडा मोठा करायचा असेल तर ठिपके लागतातच, त्यावर उपाय नाही. तेव्हा तेवढ्याच मापाच्या सेन्सरवर २४ मेगापिक्सेल देणारा कॅमेरा घेतला. सेन्सरही मधल्या काळात सुधारले होते, नाहीतर पुन्हा लॅबवाल्याकडून ऐकून घ्यावं लागलं असतं.

गेल्या दिवाळीत ताईच्या मुलाने नवा फोन दाखवला. "मामा, १०८ मेगापिक्सेल." देवघरात दिवा लावणाऱ्या आपल्या आईचा त्याने फोटो काढला. सुंदर आला, खोटं कशाला बोलू. मग त्याने फोटोची माहिती उघडली. ४००० बाय ३०००. तोंडी गुणाकार करून तो भडकलाच. "हे तर १२ झाले! बाकीचे ९६ कुठं गेले?"

मी म्हटलं, "गेले नाहीत. शेजारच्या नऊ-नऊ जणांनी बांध मोडून एकत्र केलंय."

"गटशेती?" तो तलाठ्याचाच भाचा.

तरी त्याचं समाधान होईना. सेटिंगमध्ये जाऊन त्याने पूर्ण १०८ सुरू केलं, पुन्हा फोटो काढला आणि दोन बोटांनी आईच्या मंगळसूत्रावर मोठा करत नेला. काळे मणी एकमेकांत मिसळून काजळाचा ओघळ झाला होता. थोडा वेळ तो बघत राहिला, वर भिंतीवरच्या मुंडावळ्यांच्या फोटोकडेही बघितलं. मग १०८ बंद करून म्हणाला, "आई, परत एकदा लाव ना दिवा."