मुंबईची तबकडी, बंगळुरूचं मशीन

जुन्या एचएमटी घड्याळांच्या ढिगातल्या काही तबकड्या लांबूनच हाका मारतात. शेंदरी, मोरपंखी, हळदी, गर्द जांभळ्या. यातले बहुतेक रंग कारखान्यातले नव्हेत. डागाळलेली मूळ तबकडी धुऊन घ्यायची, तिच्यावर नवा रंग चढवायचा, मिनिटांच्या रेघा आणि नाव पुन्हा छापायचं, मापात बसतील ते काटे लावायचे आणि आतलं मशीन जुनंच ठेवायचं, असा हा जन्म असतो. जगभरचे शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि म्हणताना बऱ्याच जणांचं नाक मुरडलेलं असतं. मला ही घड्याळं आवडतात. अस्सल काय आणि नक्कल काय हा प्रश्न छंदाच्या सुरुवातीपासून माझ्या मागे होता. तो माझ्यापुरता सोडवला तो याच तबकड्यांनी.

तबकडीखाली जे धडधडत असतं त्याची कुळकथा पाहिली पाहिजे. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही कंपनी स्थापन झाली, ती यंत्रं घडवणारी यंत्रं बनवायला. १९६१ मध्ये तिनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळांचा कारखाना काढला. रेखाटनं जपानची, तंत्र जपानचं, हात इथले. त्या हातांतून ‘जनता’ आली, काळ्या तबकडीचं ‘पायलट’ आलं, लग्नात जावयाला द्यायचं ‘कांचन’ आलं. खुद्द सिटिझननं आपलं पहिलं खिशातलं घड्याळ १९२४ साली बाजारात आणलं, तेव्हा ही विद्या स्वित्झर्लंडची मानली जात होती आणि जपान ती शिकत होता. म्हणजे माझ्या मनगटावरची साधी ‘जनता’ ही गिरवलेल्या पाटीवर पुन्हा गिरवलेली अक्षरं आहेत. पण गिरवता गिरवताच हात वळला, आणि एका पिढीच्या मनगटावर देशात घडलेलं घड्याळ आलं. नक्कल हा शब्द शिवीसारखा वापरताना मला हे आठवतं.

मागचं झाकण उघडलं की तबकडीवरचा वाद तिथल्या तिथे थांबतो. कमान उलगडू पाहते, चाकांची रांग तो जोर पुढे पोचवते, आणि शेवटी एस्केप व्हीलचा एकेक दात पॅलेटच्या माणकांना अडखळत सुटतो. बॅलन्सचं चाक केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगच्या ओढीनं जातं आणि येतं. सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. दिवसाकाठी दहा सेकंद पुढे जाणाऱ्या घड्याळाला आपण ‘जरा पळतंय’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यानं त्या ४,३२,००० ठोक्यांत जेमतेम ५० ठोके जास्त दिलेले असतात. माणसाच्या कुठल्या कामात एवढा नेमकेपणा असतो? आणि ही सगळी शिस्त बोटांनी दिलेल्या किल्लीवर साधारण दीड दिवस चालते.

हे समजून घ्यायचं तर मशीन सोडवावंच लागतं. आधी कमानीतला जोर हळूहळू उतरवायचा, मग बॅलन्स अलगद उचलायचा, मग पॅलेट, मग ब्रिज, मग चाकं. स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं मांडायचे. जुन्या घड्याळात बहुधा काही मोडलेलं नसतं. तेल वाळून चिकट झालेलं असतं, आणि त्या चिकटपणात चाकांची गती बुडून गेलेली असते. आमच्याकडचे घड्याळजी पिढ्यान् पिढ्या हे भाग पेट्रोलमध्ये धूत आले. धुतलेले भाग रबरी फुग्याच्या वाऱ्यानं वाळवायचे, एकेका माणकाला सुईच्या टोकानं तेल द्यायचं, आणि तेही माणकाबाहेर ओघळू द्यायचं नाही. पॅलेटच्या चुळी मात्र कोरड्याच ठेवायच्या. तिथे तेल घातलं की बॅलन्सचा झोका मंदावतो. कुठे द्यायचं आणि कुठे हात आखडायचा, ही समज भिंगातून पाहत तासन् तास बसल्यावरच येते.

सगळं जागेवर बसल्यावर बॅलन्स परत ठेवायचा. तो आधी एकदा हलतो, थबकतो, आणि मग आपली चाल धरतो. तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी माझं मन भरत नाही. वर तबकडी कारखान्याची आहे की मुंबईच्या कुठल्या गल्लीतली, याचा त्या वेळी विसर पडतो. गती खरी असते. तिला रंग चढवता येत नाही आणि छापून आणता येत नाही.

कोरं घड्याळ जुळवण्यातही हाच आनंद आहे. स्वित्झर्लंडचं युनिटास ६४९७ हे मूळचं खिशातल्या घड्याळाचं मशीन, मोठं, ऐसपैस, शिकणाऱ्याच्या चिमट्याला सांभाळून घेणारं. त्याच धाटणीचं मशीन चीनच्या सीगलनंही बनवलं, आणि शौकिनांनी ते आवडीनं घेतलं. एकीकडून केस, दुसरीकडून काटे, तिसरीकडून तबकडी असं जमवून माणसं घरच्या टेबलावर घड्याळ उभं करतात. मशीनची रचना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, शिकली जाते, पुन्हा घडवली जाते. यात मला काही गैर वाटत नाही. विद्या अशीच पसरते.

पण त्याच टेबलावर एक रेघ आहे, आणि ती मी कसोशीनं पाळतो. रचना शिकता येते, नाव उचलता येत नाही. कोऱ्या तबकडीवर रोलेक्सचा मुकुट छापला की त्या क्षणी छंद संपतो आणि फसवणूक सुरू होते. मग आतलं मशीन कितीही निगुतीनं धुतलेलं असो. कायदा तर खोट्या व्यापारचिन्हाला गुन्हा मानतोच, पण माझं म्हणणं कायद्याच्या भीतीपोटी नाही. त्या नावामागे कुणाच्या तरी हातांची वर्षं असतात. ती आपण घालवलेली नसताना आपल्या मनगटावर मिरवायची, हे मला जमणार नाही. हाच निकष मुंबईच्या तबकड्यांनाही लागतो. रंग बदललेली ‘जनता’ नव्या रंगातली ‘जनता’ म्हणून विकली, तर ती एका कारागिरानं वाचवलेली वस्तू आहे. तीच ‘दुर्मीळ, कधीच न वापरलेली’ म्हणून विकली, तर तोच कारागीर नकळत लबाडीत ओढला जातो. तबकडी तीच, रंग तोच. फरक सांगण्यात पडतो.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक घड्याळासोबत एक कागद असतो. मशीन मूळचं, केस मूळची, तबकडी पुन्हा रंगवलेली, सेकंद काटा दुसऱ्या घड्याळाचा, काच नवी, तेल अमुक महिन्यात दिलं, असं त्यावर लिहिलेलं असतं. कुणाला घड्याळ भेट दिलं तर कागदही देतो. घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी थोडी निराशा दिसते. पण पुढच्या वेळी ते घड्याळ उघडणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागणार नाही, याचं मला समाधान असतं.

आता ही नोंद पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झाली आहे. क्वार्ट्झच्या लाटेत किल्लीची घड्याळं मागे पडली, आणि २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळांची उपकंपनी बंद करायला मंजुरी दिली. सुट्या भागांचा तो झरा आटला. बॅलन्सची चूळ तुटली तर दुसरी मिळते ती बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातूनच. दोन मेलेल्या घड्याळांतून एक चालतं होतं. हात न लागलेल्या ‘जनता’ दर वर्षी कमीच होत जाणार, आणि ज्या चालत राहतील त्या चार घड्याळांच्या भागांवर, नव्या काचेवर, कदाचित मुंबईत रंगवलेल्या तबकडीवर चालतील. त्यांना नकली म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्या वस्तूला कुणीतरी उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा चालतं केलं आणि त्यात काय बदललं ते खरं खरं लिहून ठेवलं, ती वस्तू अस्सल आहे. काचेच्या कपाटात जसंच्या तसं पडून राहिलेल्या बंद घड्याळापेक्षा तर नक्कीच.