‘लुक्ड’ म्हणा, असं मी सांगत होते

इंग्रजीला नियम नाही, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. संस्कृत आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य फार सोयीचं असतं. ‘पुट’ आणि ‘बट’ फळ्यावर लिहायचं, मुलांना हसू द्यायचं आणि मग आपल्या वर्णमालेकडे वळायचं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प्रत्येक वर्गात आधी अघोष, मग घोष, शेवटी अनुनासिक. हा अभिमान खोटा नव्हता, ती मांडणी खरोखरच अजोड आहे. पण त्याच्या आड मी काय लपवत होते, ते लिहायला आज जड जातंय. मला इंग्रजीची भीती वाटायची.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. व्याकरण पक्कं, भाषांतर बिनचूक, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडायचा. कॉलेजात एकदा उतारा वाचताना मी ‘लाफेड’, ‘वॉकेड’ म्हणाले आणि मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. त्या दिवशी मी एक धडा घेतला: शेवटी ‘ईडी’ असलं तरी ‘ई’ उच्चारायचा नाही, नुसता ‘ड’ म्हणायचा. ‘वॉकेड’ नव्हे, ‘वॉक्ड’. एवढ्या भांडवलावर मी पुढे अनेक वर्षं काढली. वाईट याचं वाटतं की ज्या तराजूत मला तोललं गेलं, तोच मी हातात घेतला. सभेत कुणी ‘आस्केड’ म्हणालं की त्या माणसाचं पुढचं बोलणं मला ऐकू येईनासं व्हायचं. त्याची किंमत माझ्यापुरती ठरून गेलेली असायची.

मग शाळेत इंग्रजीची जागा रिकामी झाली आणि सातवीचे तास माझ्याकडे आले. साध्या भूतकाळाचा धडा होता. एक मुलगी वाचायला उभी राहिली आणि तिने ‘लुकेड’ म्हटलं. वर्ग हसला. मी हसू दिलं. मग सांगितलं, “लुक्ड. शेवटी ड.” तिने म्हणून पाहिलं आणि ‘लुक्ट’ असं काहीतरी उमटलं. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. शेवटी ती म्हणाली, “बाई, मी ड म्हणायला जाते, पण ट येतो.” मला तो हट्ट वाटला. तास संपेपर्यंत मी तिला उभं ठेवलं.

त्यानंतरचा तास दहावीच्या संस्कृतचा होता. विषय क.भू.धा.वि., म्हणजे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण. मी फळ्यावर लिहीत गेले: कृ, कृत. दृश्, दृष्ट. बुध्, बुद्ध. लभ्, लब्ध. प्रत्यय एकच, ‘त’. पण ‘ष्’च्या शेजारी त्याचा ‘ट’ होतो आणि ‘ध्’, ‘भ्’ यांच्या शेजारी ‘ध’ होतो. दरवर्षी म्हणते तेच वाक्य मी म्हणाले: प्रत्यय शेजाऱ्याचा आवाज घेतो, घोष महाप्राण व्यंजनापाशी घोष होतो, कारण दोन व्यंजनांमध्ये स्वर नसला की गळा एकदम चालूबंद करणं तोंडाला जमत नाही.

वाक्य पुरं झालं आणि मी थांबले. मुलांना वाटलं, मला काही आठवत नाहीये. मी खडू ठेवला, गळ्यावर बोटं टेकवली आणि हळूच ‘क्’ म्हटलं. बोटांना काही लागलं नाही. ‘ड’ म्हटलं, गळा थरथरला. मग ‘लुक्ड’ म्हणून पाहिलं. पहिल्या खेपेला ‘क्’ आणि ‘ड’ यांच्यामध्ये अर्धवट अकार सरकला. दुसऱ्या खेपेला माझ्याही तोंडून स्वच्छ ‘लुक्ट’ निघालं. ‘क्’ अघोष, म्हणून त्याच्या शेजारी ‘ट’. जो नियम मी दहावीला शिकवत होते, तोच मागच्या तासाला एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या जिभेने मला सांगितला होता. आणि मी तिला उभं ठेवलं होतं.

मला आजही त्या क्षणाचं नीट वर्णन करता येत नाही. लाज होती. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की इंग्रजी उच्चार ही विशिष्ट शाळेत, विशिष्ट घरात जन्मल्याने मिळणारी गोष्ट आहे. आणि इथे तर तो माझ्याच कंठात, माझ्याच अघोष-घोषांत बसलेला होता.

शाळेच्या कपाटात डॅनियल जोन्स यांच्या उच्चारकोशाची एक जुनी आवृत्ती होती. हा कोश पहिल्यांदा १९१७ साली निघाला. त्यात ‘लुक’च्या नोंदीत भूतकाळाच्या रूपापुढे ध्वनिलिपीतला ‘ट’ चक्क छापलेला होता. मग मी क्रियापदं घेऊन बसले. क्, प्, फ्, स्, श्, च् हे अघोष शेवटी असले की ट: वॉक्ट, हेल्प्ट, लाफ्ट, मिस्ट, वॉश्ट, वॉच्ट. घोष व्यंजन किंवा स्वर असला की ड: ओपन्ड, लिव्ह्ड, प्लेड. बघायचं ते अक्षराकडे नाही, आवाजाकडे. ‘लाफ’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘जीएच’ आहे, पण कानाला ‘फ’ ऐकू येतो, म्हणून ट. आणि मूळ क्रियापद ट किंवा ड यांनीच संपत असलं, तर दोन सारखे आवाज एकमेकांत बुडून भूतकाळ ऐकूच आला नसता, म्हणून मध्ये एक आखूड स्वर: वॉन्टिड, नीडिड. संस्कृतात ‘लिखित’, ‘पठित’ यांमध्येही इकार मध्ये येतो, त्याला आपण इडागम म्हणतो. तिथली कारणं वेगळी आहेत, हे खरं. पण विशेषणासारख्या वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी रूपांतला हा ‘ईडी’ आणि आपला ‘त’ हे एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत, असं भाषाशास्त्र मानतं. मी ज्याला परकं म्हणत होते, ते नात्यातलं निघालं.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गासमोर सांगितलं की ती म्हणत होती तेच बरोबर होतं आणि मी चूक शिकवलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिने विचारलं, “मग मला उभं का केलं?” माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

तिच्या पहिल्या उच्चाराबद्दलही मला नंतर जे कळलं, ते मी वर्गाला सांगितलं. ‘लुकेड’मधला स्वर ही इंग्रजीची स्वतःचीच जुनी चाल आहे. कित्येक शतकं इंग्रज हा स्वर उच्चारत होते, हळूहळू तो गळत गेला. १७१२ साली जोनाथन स्विफ्टने भाषासुधारणेचा एक प्रस्ताव लिहिला, त्यात त्याने कवींना दोष दिला की ते क्रियापदांतले स्वर खातात आणि व्यंजनांवर व्यंजनं आदळतात. म्हणजे आमचा वर्ग ज्याला हसला, ते टिकावं म्हणून तो तळमळत होता. काही शब्दांत तो स्वर अजून टिकून आहे: ‘विकिड’, ‘नेकिड’. आपल्या न्यायालयांत वकील प्रतिपक्षाच्या वकिलाला ‘लर्निड फ्रेंड’ म्हणतात, तोही त्यातलाच.

बोलण्यातून स्वर गेला, लेखनात ‘ईडी’ राहिला. बोलतात तसं लिहावं, असे प्रयत्नही झाले. अमेरिकेत १९०६ साली सुधारित स्पेलिंगच्या तीनशे शब्दांची यादी निघाली, त्यात ‘ड्रॉप’चा भूतकाळ शेवटी ‘टी’ घालून लिहिला होता. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईसाठी ती यादी लागू केली, काँग्रेसने विरोध केला आणि त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. पूर्वी मी हा किस्सा इंग्रजीच्या वेडेपणाचा पुरावा म्हणून सांगितला असता. आता वाटतं, आवाज तीन असले तरी डोळ्यांना खूण एकच दिसते, यात वाचणाऱ्याची सोयच आहे. आणि आपण तरी काय करतो? ‘चाक’ आणि ‘चित्र’ यांतला ‘च’ एकाच अक्षराने लिहितो, वेगळा उच्चारतो. ‘डाकघर’ लिहितो, घाईत ‘डाग्घर’ म्हणतो. जसं लिहितो तसंच बोलतो, असं मी किती ठामपणे सांगत होते!

जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेचं १९५८ सालचं काम माझ्या वाचनात आलं. तिने लहान मुलांना चित्रं दाखवून स्वतः बनवलेली क्रियापदं दिली आणि त्यांचा भूतकाळ विचारला. ‘रिक’ हे क्रियापद मुलांनी कधीच ऐकलेलं नव्हतं, तरी ‘रिक्ट’ त्यांच्या तोंडून सहज आलं. ‘मॉट’सारख्या शब्दाला मात्र वेगळा स्वर जोडणं त्यांना जड गेलं. ती इंग्रजी घरांतली मुलं होती, आमची नाहीत. पण ते वाचताना मला सारखं “ड म्हणायला जाते, पण ट येतो” हेच ऐकू येत होतं.

उच्चार मला सापडला, स्पेलिंगशी अजून झगडते आहे. ‘होप’ आणि ‘हॉप’ यांचे भूतकाळ एका ‘पी’ने वेगळे होतात. ‘पी’ दोनदा आला की आधीचा स्वर ऱ्हस्व राहतो, हे मुलांना पटकन कळतं. ‘क्राय’मधला ‘वाय’ बदलतो, ‘प्ले’मधला बदलत नाही, हेही. पण मोठ्या शब्दांत सगळं आघातावर ठरतं आणि मराठीत लेखन आघातावर ठरत नसल्यामुळे आपला कान त्याला तयार नाही. त्यातही ब्रिटिश वळणाच्या आपल्या पुस्तकांत ‘ट्रॅव्हल’ला आघात पहिल्या अवयवावर असूनही ‘एल’ दोनदा लागतो, अमेरिकेत एकदाच. मुलं विचारतात कुठलं बरोबर, मी दोन्ही म्हणते.

उद्या सातवीला ‘ऑफर’ आणि ‘प्रिफर’ शेजारी शेजारी लिहून देणार आहे. दोन्हींच्या शेवटी ‘आर’ आहे, भूतकाळात एकाचा एकच राहतो, दुसऱ्याचा दोनदा येतो. कारण मी आधी सांगणार नाही. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून घेणार आहे, प्रत्येकाकडून, आणि कुणी काय ऐकलं ते विचारणार आहे.