देवगिरीची व्याख्या आणि हलगी

शिवजयंतीला किंवा आंबेडकर जयंतीला छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात ढोल, ताशा, हलगी यांचा जो नाद उठतो, त्याला संगीताच्या इतिहासात जागा कोणती? विद्यापीठीय मांडणीत तो फार तर ‘लोकसंगीत’ नावाच्या परिशिष्टात जातो. हे युरोपकेंद्री दृष्टीचे फळ, असे म्हणून विषय मिटवण्याची आता प्रथा पडली आहे. ती सोयीची आहे आणि अर्धीच खरी आहे.

चौकापासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर देवगिरी. तेथे तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. गीत, वाद्य आणि नृत्त या तिहींना मिळून तो संगीत म्हणतो. देशोदेशीच्या जनांचे मन ज्याने रमते ते देशी. युरोपीय ‘म्यूझिक’च्या कल्पनेत नाचणारे पाय मावत नाहीत, या व्याख्येत मिरवणूक सहज मावते. पुढे युरोपनेही भारताकडून घेतले. तत, सुषिर, अवनद्ध, घन ही ‘नाट्यशास्त्रा’तील चौकट ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहाचा संग्रहपाल माहियों याने 1880 च्या सूचीत स्वीकारली. शौरींद्रमोहन ठाकुरांनी पाठवलेली भारतीय वाद्ये त्याच संग्रहात होती. तीच चौकट विस्तारून हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी 1914 मध्ये आपले वर्गीकरण सिद्ध केले. जगभरची संग्रहालये आजही ते वापरतात.

मात्र या अभिमानाशी थांबणे म्हणजे केंद्र बदलून दृष्टी तीच ठेवणे होय. हलगी अवनद्ध, एवढे सांगून शास्त्र मोकळे होते. ती गावासाठी कोणी वाजवायची, कोणत्या जातीच्या माथी ते काम मारलेले, हा प्रश्न चामड्याच्या वर्गात बसत नाही. आंबेडकरी चळवळीत गावकीची कामे नाकारली गेली, त्यांत वाजवणेही होते. त्याच काळात भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचा घाट घेऊन त्याचा आशय पालटला. पुढे वामनदादा कर्डकांची (1922–2004) गीते वस्त्यावस्त्यांत पोहोचली. वाजवण्यास दिलेला नकार ही सांगीतिक घटना नव्हे काय?

अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन, संगम अशा कोटी कल्पून अभिजनांच्या एकाच मापाला छेद दिला. हे त्यांचे मोठेच कार्य. तरी न वाजलेल्या हलगीला या कोटींतही घर नाही. तिचा पुरावा स्वरलिपीत मिळायचा नाही. तो दलित आत्मकथनांत शोधावा लागतो, आणि ती पुस्तके बहुधा मराठी विभागाच्या कपाटात असतात, संगीत विभागाच्या नव्हे.