पहिला डाग त्याच दिवशी पुसा



नाशिकला जाणे आपल्या जिल्ह्यात कोणत्या घराला चुकले आहे? कोणाची कोर्टाची तारीख असते, कोणाला सिव्हिल हॉस्पिटलात दाखवायचे असते, कोणाची मुलगी कॉलेजात शिकते, कोणाला ठिबकचे सामान किंवा लग्नाचा बस्ता आणायचा असतो. एसटी सीबीएसला थांबते आणि तिथून ज्याची त्याची वाट सुरू होते. त्याच परिसरात, ठक्कर बाजारच्या स्थानकाजवळ, मेळा बसस्थानकाची नवी इमारत २०२४ साली सुरू झाली. एसटीच्या प्रवाशाने थंडगार हवेत बसून गाडीची वाट पाहावी अशी सोय तिथे केलेली आहे. लोक कौतुकाने म्हणतात, "विमानतळासारखे स्थानक झाले."

आज मला या स्थानकाबद्दल, आणि तुमच्या माझ्या तालुक्याच्या स्थानकाबद्दल, चार शब्द बोलायचे आहेत. शेतीखात्यातल्या माणसाने बसस्थानकाबद्दल का लिहावे, असे कोणी विचारील. पण विस्तार अधिकाऱ्याची निम्मी नोकरी एसटीत आणि एसटीच्या फलाटावर जाते. शिवाय जे सांगायचे आहे ते शेवटी आपल्या कांदाचाळीपाशीच येऊन थांबणार आहे.

इमारत नवी असते तेव्हा सगळेच जपतात. मेळा स्थानकात मी एकदा गाडीची वाट पाहत बसलो होतो. धोतर-टोपीतले एक वयस्कर गृहस्थ सुनेबरोबर आत आले. फरशीची चकाकी पाहून ते उंबऱ्याशीच थबकले, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चालू लागले. सून हळूच म्हणाली, "नाना, घाला पायात. इथं चपला चालतात." त्यावर म्हातारबाबा म्हणाले, "चालत असतील गं. पण एवढी चांगली फरशी, अन् त्यावर मळ्यातली माती? बरं नाही दिसत." आजूबाजूचे दोघे-चौघे हसले, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती.

हे मुद्दाम सांगितले, कारण कुठलेही स्थानक घाण झाले की शहरातले शहाणे लोक पटकन बोलून जातात, "खेड्यातल्या लोकांना चांगले काही सोसत नाही." हे ऐकले की माझ्या जिवाला लागते. आणि ते खरेही नाही. २०१७ साली मुंबईहून गोव्याला तेजस एक्स्प्रेस नावाची नवी कोरी आगगाडी सुरू झाली. प्रत्येक आसनासमोर चित्रपटाचा पडदा, ऐकायला हेडफोन, आणि तिकीटही तसेच भारी. पहिल्याच फेरीनंतर पाहतात तो कित्येक हेडफोन गायब आणि काही पडद्यांवर ओरखडे! त्या गाडीत काही पाटीवाल्या आणि शेतमजूर बसले नव्हते. तेव्हा हा खोड शहराचा किंवा खेड्याचा नाही, शिकलेल्याचा किंवा अडाण्याचाही नाही. त्याचे कारण वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

मी एका तालुक्याला नेमणुकीस असताना तिथल्या स्थानकाला नवा रंग दिला गेला. पंधरा-वीस दिवस भिंती आरशासारख्या होत्या. तंबाखूचा बार भरलेली माणसे उठून बाहेर गटारापाशी जाऊन थुंकत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग एके दिवशी पाण्याच्या नळाजवळच्या कोपऱ्यात कोणीतरी पिंक टाकली. ती कोणी पुसली नाही. आठ दिवसांत तिथे पाच-सहा डाग झाले. महिन्याभरात तो कोपरा लाल झाला, आणि गंमत अशी की लोक आपल्या जागेवरून उठून मुद्दाम त्या कोपऱ्यापर्यंत चालत जात आणि तिथेच थुंकत. जणू ती जागा थुंकण्यासाठीच नेमून दिली होती. पुढे त्याच कोपऱ्यात केळीची साले, चहाचे कप, उसाची चिपाडे जमू लागली. माणसे तीच होती. पहिला डाग तसाच राहिल्यामुळे त्या जागेची लाज तेवढी गेली.

ही गोष्ट परदेशातल्या लोकांनी प्रयोग करून पाहिली आहे. नेदरलँड देशात ग्रोनिंगन नावाचे शहर आहे. तिथल्या संशोधकांनी एका बोळात उभ्या केलेल्या सायकलींच्या मुठींना जाहिरातीचे कागद अडकवले. जवळ कचरापेटी नव्हती. बोळाची भिंत स्वच्छ असताना शंभरातल्या ३३ जणांनी कागद खाली टाकला. मग त्यांनी तीच भिंत रंगाच्या रेघोट्यांनी खराब करून ठेवली, तेव्हा शंभरातल्या ६९ जणांनी टाकला. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बोळ तोच आणि कागदही तसाच, फक्त भिंत बदलली आणि कचरा टाकणारे दुपटीहून जास्त झाले.

आता कांदाचाळीकडे या. उन्हाळ कांदा चाळीत भरला की आपण चार-पाच महिने भावाची वाट पाहतो. एखादा कांदा सडला, त्याचे पाणी शेजारच्या कांद्याला लागले, आणि कोणी पाहिलेच नाही, तर पुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून जाणता शेतकरी चाळीत शिरला की आधी वास घेतो आणि सडका कांदा तेव्हाच बाहेर काढतो. द्राक्षबागेत डावणीचा पहिला डाग पानावर दिसला की "रविवारी बघू" असे कोणी म्हणत नाही. स्थानकाचेही तसेच आहे. पहिला डाग त्याच दिवशी पुसला, पहिली फुटलेली फरशी त्याच आठवड्यात बसवली, तर रोग पसरत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने हेच केले. १९७० च्या दशकापासून तिथले डबे आतून-बाहेरून रंगाने चितारलेले असत, खिडक्यांतून बाहेरचे दिसत नसे. पकडापकडी पुष्कळ झाली, उपयोग थोडा झाला. १९८४ पासून त्यांनी एक नियम धरला. एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवलेल्या स्थितीत फेरीला सोडायचा नाही, आधी पुसायचा आणि मगच सोडायचा. रंगवणाऱ्याला आपले नाव गावभर मिरवायचे असते. ते मिरवायलाच मिळेना, तेव्हा त्याचा हुरूप गेला. सहा हजारांहून अधिक डबे होते, पाच वर्षे लागली, पण १९८९ च्या मे महिन्यात शेवटचा चितारलेला डबा रुळावरून काढला गेला.

आणि डाग तसाच राहू दिला तर काय होते, ते कलकत्त्याच्या हावडा पुलाने दाखवले. १९४३ साली खुला झालेला हा पोलादी पूल रोज लाखो माणसे वाहतो. त्याच्या आधारखांबांच्या बुडाशी लोक पान खाऊन थुंकत राहिले. चुना, कात आणि लाळ यांच्या माऱ्याने तिथले पोलादी आवरण काही वर्षांतच निम्म्यावर झिजले. शेवटी त्या भागाला फायबरची आवरणे बसवावी लागली. जिथे पोलाद खाल्ले जाते, तिथे आपल्या स्थानकाच्या भिंतीचा काय पाड लागणार!

आता कोणी म्हणेल, भिंत लाल झाली म्हणून कोणाचे काय बिघडते? बिघडते, आणि सर्वांत आधी आपल्या घरातल्या बायाबापड्यांचे बिघडते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळाला. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्टपासून, ७५ वर्षांपुढच्या वृद्धांना प्रवास मोफत झाला. खेड्यातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. म्हणजे आज स्थानकावर सर्वांत जास्त वेळ थांबतात त्या आपल्या मुली, बहिणी आणि म्हातारीकोतारी माणसे. पुरुषाला घाण दिसली तर तो नाक मुरडतो आणि बाहेर रस्त्याच्या कडेला जातो. मुलीने कुठे जावे? कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाहीत, कारण स्थानकावरच्या स्वच्छतागृहात पाय टाकवत नाही. घरी आईला विचारा, ती सांगेल. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवणे यातून मूत्रमार्गाचे दुखणे जडते, आणि मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. एखाद्या टारगट पोराने तिथल्या दाराची कडी मोडली किंवा नळाची तोटी उपटून नेली, तर तो खेळ म्हणून करतो. त्या दिवशी शे-दोनशे बाया तिथून तशाच परत फिरतात. नुकसान भंगाराच्या भावात मोजू नका, त्यांच्या त्रासात मोजा.

पैशाचे म्हणाल तर तोही आपलाच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) एसटीची पहिली गाडी सुटली, तेव्हापासून ही संस्था तुमच्या माझ्या तिकिटावर चालली आहे. फाडलेले आसन आणि फोडलेला दिवा यांची भरपाई त्याच गल्ल्यातून होते. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगणारा कायदा १९८४ पासून आहे. पण प्रत्येक खांबामागे शिपाई उभा करता येत नाही, आणि करूही नये.

यात सगळा दोष प्रवाशावर ढकलणे मला मान्य नाही. माणूस जिथे बसतो तिथे हाताशी कचरापेटी पाहिजे, ती वेळेवर रिकामी झाली पाहिजे, स्वच्छतागृहात पाणी पाहिजे आणि रात्री दिवा पाहिजे. झाडणाऱ्यांची संख्या पुरेशी पाहिजे. इमारतीवर कोट्यवधी खर्च करायचे आणि झाडूला हात आखडायचा, हे म्हणजे भारी वाणाचे बी आणून पाण्याची पाळी चुकवण्यासारखे आहे. एसटीने २०२३ साली बसस्थानकांसाठी स्वच्छ-सुंदर स्पर्धेचे अभियान सुरू केले, ही चांगली गोष्ट झाली. पण तपासणीच्या दिवशी घासलेली फरशी आणि रोज पुसलेली फरशी यांतला फरक आपल्याला कळतो. तेव्हा पाणी नसेल, कडी तुटली असेल, तर स्थानकप्रमुखांकडे तक्रारवही मागा आणि तारीख घालून लिहा. नुसते पुटपुटत गाडीत चढू नका. लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

आपल्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. घरातून निघताना एक रिकामी पिशवी बरोबर घ्या. शेंगांची टरफले, केळीची साले, बिस्किटाचे कागद तीत टाका. लेकराला गाडी लागत असेल तर त्याच्यासाठी वेगळी पिशवी ठेवा. भाजीच्या पाट्या आणि दुधाचे कॅन बसायच्या बाकावर ठेवू नका, ते बाक म्हाताऱ्यांचे आहेत. तंबाखू सुटत असेल तर फारच उत्तम. सुटत नसेल तर स्थानकात शिरण्याआधी तोंड मोकळे करून, चूळ भरून या. मुलगा खिळ्याने किंवा दगडाने बाकावर नाव कोरत असेल तर शेजारच्याने सांगण्याची वाट पाहू नका, बापानेच हात धरावा. आणि झाडणाऱ्या बाईला "ए बाई, इकडं राहिलं" असे म्हणू नका. "मावशी, जरा इकडे बघता का" म्हणा. तिच्या हातातल्या झाडूमुळे आपली मुलगी तिथे निर्धास्त बसते.

गावाच्या तरुण मंडळांनाही एक सुचवतो. गणपतीत आपण दहा दिवस राबतो. महिन्यातला एक रविवार आपल्या तालुक्याच्या स्थानकाला किंवा गावच्या निवारा शेडला द्या. चुन्याचा डबा, ब्रश आणि दोन बादल्या पाणी एवढेच लागते. महिन्याचे डाग तेव्हा काढा. मधल्या दिवसांत नवा डाग पडला तर रोज पासावर जाणाऱ्या मुलांनी तो त्याच दिवशी पुसावा, निदान वहीत तरी लिहावा.

आपल्या मातीत हे नवे नाही. नाशिकला गोदाकाठी गाडगे महाराजांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारली. गावात शिरले की बाबा आधी हातातल्या खराट्याने रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसा झाडलेल्या गावाला रात्री चार गोष्टी ऐकवायचा त्यांना अधिकार होता. १९५६ साली ते गेले. २००० साली शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, आणि त्या वेळी आपल्यापैकी कित्येक गावांनी स्वतः गटारे उपसून, भिंती रंगवून दाखवल्या. जे हात वेस झाडू शकले, त्यांना तालुक्याचा फलाट जड जाऊ नये.

सिंहस्थ २०२७ चा आहे. साऱ्या देशाचे भाविक आपल्या जिल्ह्यात यायचे आहेत, आणि स्थानकाच्या तर नावातच मेळा आहे. पण खरे सांगायचे तर पाहुण्यांसाठी म्हणून घर झाडणारे आपण नाही. आपल्या घरचीच माणसे रोज तिथे उतरतात. पुढच्या खेपेला नाशिकला किंवा तालुक्याला जाल तेव्हा फलाटावर एक फेरी मारा. जिथे नवा डाग दिसेल, तो जुना होऊ देऊ नका.