घरच्या भाषेतली बातमी

भूगर्भशास्त्र शिकलेल्या तरुणाला खाणींत, कंपन्यांत चांगली नोकरी मिळू शकते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या शिरसीकडचे नागेश हेगडे खरगपूरच्या आय.आय.टी.त हाच विषय शिकले. पण आयुष्य वेचले ते बंगळूरच्या 'प्रजावाणी' या कन्नड दैनिकात. जंगल, पाणी, अणुऊर्जा हे इंग्रजी अहवालांतले विषय त्यांनी सोप्या कन्नडमध्ये घरोघरी पोहोचवले. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'इरुवुदोंदे भूमी', म्हणजे 'पृथ्वी एकच आहे'. बंगळूरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० कि.मी. अंतरावरून, पंपांनी वर चढवून आणावे लागते. नळ सोडणाऱ्या घरालाच हे ठाऊक नसेल, तर पाणी वाचवणार कोण? घरच्यांना समजेल असे लिहिणे, हीच अशा पत्रकाराची खरी कमाई.